खोल, थंड पाण्यातली प्रवाळं परत लावता येतील का? आणि नुसती बंदी घातली तर भरून येतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नॉर्वे-स्कॉटलंडच्या समुद्रात अंधाऱ्या, थंड पाण्यात प्रवाळभित्ती आहेत आणि ट्रॉलिंगने (तळावरून जड जाळं ओढत नेण्याने) त्यांची मोडतोड झाली आहे, असं विचारणाऱ्यांनी वाचलं. उथळ पाण्यात प्रवाळांचे तुकडे बांधून रोपवाटिका करतात, तशी तिथे का करत नाहीत? ट्रॉलिंग थांबवलं तर किती वर्षांत सगळं पूर्ववत होईल? आणि असं काही आपल्या कोकणच्या समुद्रात आहे का?

तीन प्रश्न वेगळे दिसतात, पण तिन्हींच्या मुळाशी एक गृहीतक आहे: गेलेलं परत आणता येतं, फक्त पद्धत सापडायला हवी. उथळ, उबदार पाण्यात हे थोड्याफार प्रमाणात खरं आहे. खोल पाण्यात प्रत्यक्ष प्रश्न वेगळा असतो. जहाजाचे दिवस मोजके असतात, पैसा मोजका असतो. तो मोडलेलं जोडण्यावर घालवायचा, की अजून न मोडलेलं शोधून तिथे जाळं पोहोचायच्या आत सीमा आखण्यावर? माझं उत्तर स्पष्ट आहे: शोधा आणि आधी बंद करा. लावणीला जागा आहे, पण ती फार थोड्या ठिकाणी.

परिस्थितीवर बरंच काही अवलंबून आहे, हेही आधीच सांगतो. प्रजाती कोणती, मोडलेल्या जागी मेलेला सांगाडा उभा आहे की नुसता चुरा उरला आहे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला जिवंत वसाहत शिल्लक आहे का, आणि जाळं तिथून एकदा गेलंय की वर्षानुवर्षं जातंय, या चार गोष्टी कळल्याशिवाय एखाद्या ठिकाणाबद्दल कुणी "इतक्या वर्षांत भरून येईल" असं सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आता प्राण्याकडे वळू. ईशान्य अटलांटिकमधल्या बहुतेक भित्ती एकाच प्रवाळाने बांधलेल्या आहेत. जुन्या साहित्यात तो 'लोफेलिया पर्टुसा' नावाने सापडेल. २०१६ मध्ये जनुकीय पुराव्यावरून त्याला 'डेस्मोफायलम' या वंशात हलवलं गेलं. शोध घेताना दोन्ही नावांनी घ्या, नाहीतर अर्धं साहित्य हातातून जाईल. याच्या शरीरात शैवाल नसतं, त्यामुळे उजेडाची गरज नाही. साधारण एक सेंटिमीटर व्यासाच्या वाटीत बसलेला पॉलिप (वसाहतीतला एकेक छोटा जीव) स्पर्शकं पसरून प्रवाहातून येणारे कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी प्राणी) आणि सेंद्रिय कण पकडतो. पाणी ४ ते १२ अंश सेल्सिअस असावं लागतं. फांदीची वाढ वर्षाला साधारण ४ ते २५ मिलिमीटर. हे आकडे वसाहतीच्या टोकांचे आहेत, अख्ख्या भित्तीचे नाहीत. तो फरक पुढे महत्त्वाचा ठरेल.

'खोल' हा शब्द इथे थोडा फसवा आहे. याला खोली नको असते. थंड, स्थिर तापमानाचं, खारं आणि अन्न घेऊन वाहणारं पाणी हवं असतं. ते बहुतेक वेळा २०० ते १००० मीटरवर मिळतं, म्हणून हा तिथे आढळतो. नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइम फ्योर्डमध्ये (जमिनीत घुसलेल्या खोल, अरुंद खाडीत) टाउत्रा इथे तेच पाणी वर येतं, म्हणून तिथे तो अवघ्या ३९ मीटरवर वाढतो. स्कॉटलंडच्या पश्चिमेला मिंग्युले भित्ती साधारण १२० ते १९० मीटरवर आहेत. तिथे भरती-ओहोटी पालटताना वरचं, प्लवकांनी भरलेलं पाणी कड्यावरून झपकन खाली उतरतं आणि पॉलिपांना ठरावीक वेळी जेवण पोहोचतं. नॉर्वेच्या सुला भित्तीवर प्रवाळांना पाय रोवायला जागा मिळाली ती हिमयुगातल्या हिमनगांनी तळ नांगरून काढलेल्या सऱ्यांच्या काठांवर. तिथे दगडगोटे उघडे पडले होते आणि काठ उंच असल्यामुळे प्रवाह जोरात लागत होता. म्हणजे टणक आधार, उंचवटा आणि प्रवाह, हे तिन्ही जुळावे लागतात. लावणी का फसते याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

जैवविविधतेबद्दल बोलताना बहुतेकांचं लक्ष जिवंत, पांढऱ्या-नारिंगी फांद्यांवर खिळतं. भित्तीचा उभा छेद डोळ्यांसमोर आणा. सर्वांत वर जिवंत प्रवाळाचा पातळ थर. त्याखाली त्याच प्रवाळाचा मेलेला पण उभा सांगाडा, पोकळ्यांनी भरलेला. त्याखाली आणि कडेला पडलेला चुरा, आणि मग चिखल-वाळूने भरत गेलेला पाया. जिवंत थरावर तुलनेने थोडेच प्राणी राहतात, कारण पॉलिप आपल्या अंगावर कुणाला बसू देत नाही. प्रजातींची खरी गर्दी मेलेल्या सांगाड्यात असते: स्पंज, हायड्रॉइड, ब्रायोझोआ, नळीत राहणारे कृमी, ठिसूळ तारे, फटींत दडलेले मुनिडा जातीचे छोटे खेकडेवजा प्राणी. 'अ‍ॅसेस्टा' नावाचा मोठा पांढरा शिंपला फांद्यांच्या खालच्या बाजूला धाग्यांनी लटकून असतो. ईशान्य अटलांटिकमधल्या अशा भित्तींवरून १३०० हून अधिक प्रजातींची नोंद झाली आहे. मिंग्युलेच्या भित्तींवर काळ्या तोंडाची कॅटशार्क अंडी घालते. नॉर्वेचे लांबगळवाले (लांब दोराला अनेक गळ लावणारे) मच्छीमार तांबोशीसारखा दिसणारा रेडफिश, टस्क आणि लिंग हे मासे प्रवाळांजवळ जास्त मिळतात म्हणून तिथेच गळ टाकत आले आहेत. त्यांचं हे निरीक्षण पुढे मोजमापातही टिकलं.

यातला एक संबंध जवळून पाहण्यासारखा आहे. 'युनिस नॉर्वेजिका' हा लांबलचक कृमी फांद्यांच्या मधून चर्मपत्रासारखी नळी विणतो. प्रवाळ त्या नळीवरच कॅल्शियमचा थर चढवतं आणि नळी दगडाची होते. कृमीला घर मिळतं. शेजारशेजारच्या फांद्या नळीमुळे एकमेकींना जोडल्या जातात आणि सांगाडा भक्कम होतो. शिवाय कृमी मोडके तुकडे ओढून एकत्रही आणतो. प्रयोगशाळेत कृमीसोबत ठेवलेल्या प्रवाळाने एकट्या प्रवाळापेक्षा जास्त वेगाने सांगाडा बनवल्याचं दिसलं आहे. लावणीसाठी फक्त प्रवाळाचे तुकडे नेले की हा जोडीदार मागे राहतो. असे संबंध शेकड्यांनी आहेत. आपण त्यातले मोजकेच ओळखतो.

व्यवहारात याचा अर्थ असा, की सर्वेक्षणात "जिवंत प्रवाळ किती टक्के" एवढाच रकाना ठेवला तर संरक्षणाची सीमा चुकीच्या जागी पडते. जिवंत भित्ती, उभा मृत सांगाडा, चुरा आणि गाळाने बुजलेला सांगाडा, हे चार रकाने वेगळे हवेत, आणि मृत सांगाड्यालाही संरक्षण हवं. "तिथे आता काही जिवंत नाही, तर मासेमारी करायला काय हरकत आहे?" हा युक्तिवाद बैठकांमध्ये नेहमी येतो. त्याला उत्तर हेच की सर्वाधिक प्रजाती त्या 'काही नाही'मध्येच आहेत, आणि नव्या पिल्लांना बसायला टणक जागाही तिथेच आहे.

आता काळाचा हिशेब. सुला भित्ती सुमारे १३-१४ किलोमीटर लांब आहे आणि काही ठिकाणी ३५ मीटरपर्यंत उंच. तिची वाढ बर्फ मागे हटल्यावर, साधारण ८६०० वर्षांपूर्वी सुरू झाली. ३५ मीटर भागिले ८६०० वर्षं म्हणजे वर्षाला ४ मिलिमीटर. फांदीचं टोक वर्षाला २० मिलिमीटर वाढलं तरी भित्ती ४ मिलिमीटरच चढते, कारण फांद्या मोडतात, पोखरल्या जातात, गाळात दबतात. एक मीटर उंचीचा थर जाळ्याने एका फेरीत सपाट केला तर सरासरीने अडीचशे वर्षांचं काम गेलं. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या पॉर्क्युपाइन खोऱ्यात २००५ मध्ये 'चॅलेंजर' टेकडीला आरपार भोक पाडून नमुने काढले, तेव्हा तिची जाडी सुमारे १५५ मीटर आणि सुरुवात सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीची निघाली. अशा जागेबाबत 'पूर्ववत' हा शब्द माणसाच्या कालमापनात बसतच नाही.

बंदीनंतर काय होतं, याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण डार्विन माउंड्सचं. स्कॉटलंडच्या वायव्येला सुमारे १००० मीटर खोलीवर वाळूच्या शेकडो छोट्या टेकड्या आहेत, जेमतेम ५ मीटर उंच, आणि त्यांच्या माथ्यावर प्रवाळांची झुडपं. १९९८ मध्ये त्या सापडल्या. दोनच वर्षांत त्यांच्यावर ट्रॉलच्या खुणा दिसल्या. २००३ मध्ये तातडीची बंदी आली आणि २००४ मध्ये ती कायम झाली. बंदीनंतर आठ वर्षांनी, २०११ मध्ये पुन्हा पाहणी झाली. पश्चिमेच्या कमी मार बसलेल्या टेकड्यांवर जिवंत प्रवाळ टिकून होतं, म्हणजे बंदी कामाला आली. पूर्वेच्या जबर मार बसलेल्या टेकड्यांवर मात्र पुनरुज्जीवनाची चिन्हं नव्हती. याच टेकड्यांवरच्या प्रवाळांच्या जनुकीय तपासणीत एकाच वसाहतीच्या प्रतींचं प्रमाण मोठं निघालं होतं. म्हणजे तिथे बाहेरून नवी पिल्लं येऊन रुजण्यापेक्षा तुकडे पडून वाढणं जास्त चाललं होतं. अशा ठिकाणी मूळ वसाहत गेली की भरपाई करणारं कुणी उरत नाही. अगदीच निराशा आहे असं नाही. प्रशांत महासागरातल्या एम्परर समुद्रपर्वतांवर, ट्रॉलिंग थांबून तीस-चाळीस वर्षं झालेल्या जागी प्रवाळांची नवी वाढ नोंदली गेली आहे. पण तीस-चाळीस वर्षांत दिसते ती सुरुवात.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: बंदी शिल्लक राहिलेलं वाचवते. गेलेलं परत आणण्याची हमी ती देत नाही.

लावणीकडे येतो. प्रयत्न होत नाहीत असं नाही. स्वीडनमधल्या कोस्टर फ्योर्डमध्ये सेकेन ही त्या देशातली शेवटची जिवंत लोफेलिया भित्ती आहे, आणि तिथे कृत्रिम आधार खाली सोडून प्रवाळाच्या पिल्लांना बसायला जागा देण्याचं काम चालू आहे. तिथे हे पटण्यासारखं आहे, कारण खोली शंभर मीटरच्या आत आहे, जागा किनाऱ्याजवळ आहे, जवळच सागरी संशोधन केंद्र आहे, आणि मूळ नुकसान करणारी मासेमारी आधी थांबवलेली आहे. या चारपैकी एकही अट ढिली असेल तर मी लावणीचा प्रस्ताव पुढे ढकलेन.

तुकडे लावण्याची पद्धत ऐकायला सोपी आहे. प्रत्यक्षात ती कुठे अडते ते पाहा. तुकडे दूरनियंत्रित पाणयानाच्या यांत्रिक हाताने तोडून तळावरच झाकणबंद, उष्णतारोधक पेटीत ठेवावे लागतात. उघड्या टोपलीतून वर आणले तर उन्हाळ्यातल्या पृष्ठभागाच्या उबदार पाण्यातून जाताना त्यांना धक्का बसतो. १५ अंशांच्या आसपासच्या तापमानात हा प्राणी फार तग धरत नाही. जहाजावर ७-८ अंशांचं, सतत वाहतं, गाळलेलं समुद्रपाणी आणि अंधार हवा. खाद्य म्हणून आर्टेमिया या छोट्या कवचधारी प्राण्याची पिल्लं किंवा कोपेपॉड चालतात, पण उरलेलं अन्न काढलं नाही तर टाकीत जिवाणू वाढतात आणि फांदीवरचं ऊतक टोकाकडून मागे हटू लागतं. तुकडा आधारावर चिकटवताना पॉलिप असलेला भाग मोकळ्या प्रवाहात राहील असा, तळापासून वीस-तीस सेंटिमीटर तरी वर बसवायचा. अगदी तळाशी लावलेले तुकडे गाळाने गुदमरतात. सैल चुऱ्यावर लावलेले तर चुरा हलला की उलटतात आणि पॉलिप खाली दबतात.

आणि मग प्रमाणाचा प्रश्न. एक हेक्टरमध्ये दर चौरस मीटरला एक तुकडा म्हटलं तर १०,००० तुकडे. पाणयानाला एका तुकड्यामागे पाच मिनिटं धरली तर ८३३ तास, म्हणजे रात्रंदिवस पस्तीस दिवस. हवामान बिघडणं, यंत्र वर-खाली करणं, जागा बदलणं हे यात धरलेलंच नाही. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळची रॉस्ट भित्ती एकटीच सुमारे १०० चौरस किलोमीटरची आहे. म्हणजे दहा हजार हेक्टर.

पिल्लांकडून, म्हणजे डिंभांपासून, सुरुवात करण्यात मला जास्त आशा वाटते. स्वीडनमधल्या प्रयोगशाळेत लोफेलियाच्या अंड्यांच्या फलनापासून डिंभ वाढवले गेले आहेत. प्रजनन हिवाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होतं. डिंभ कित्येक आठवडे पाण्यात पोहत राहतात आणि चार-पाच आठवड्यांनंतर तळ चाचपायला लागतात. इतका काळ पोहत असल्यामुळे ते दूर जाऊ शकतात. ही चांगलीही गोष्ट आहे आणि अडचणीचीही, कारण तुम्ही ठेवलेल्या आधारावरच ते बसतील असं नाही. म्हणून कृत्रिम आधार ठेवायचे तर ते जिवंत भित्तीच्या प्रवाहाखालच्या अंगाला, खडबडीत पृष्ठभागाचे, प्रजननाच्या आधी पोहोचतील असे ठेवायचे, आणि सोबत काही आधार मुद्दाम दूर ठेवायचे. तुलनेला काही नसेल तर फरक पडला की नाही हे सांगता येत नाही.

हे सगळं पाहिलं की सर्वेक्षणाला पहिला मान का द्यायचा ते पटेल. तुम्ही विद्यार्थी असाल तर हाच भाग सर्वांत उपयोगी.

पहिली पायरी मल्टिबीम इको साउंडर, म्हणजे जहाजाखालून अनेक ध्वनिशलाका सोडून तळाची खोली मोजणारं यंत्र. एका अंशाची ध्वनिशलाका ३०० मीटर खोलीवर तळाचा साधारण ५ मीटरचा ठसा घेते, १००० मीटरवर साडेसतरा मीटरचा. म्हणजे जहाजावरून घेतलेल्या नकाशात १००० मीटरवरची ७५ मीटर रुंद, ५ मीटर उंच टेकडी चार-पाच बिंदूंची असते आणि गुळगुळीत करणाऱ्या गाळणीत सहज पुसली जाते. डार्विन माउंड्स सापडले ते तळाजवळून ओढलेल्या साइडस्कॅन सोनारने (दोन्ही बाजूंना ध्वनी सोडून तळाचं चित्र काढणाऱ्या यंत्राने), तेलक्षेत्रासाठीच्या पाहणीत. म्हणून "नकाशात काही दिसलं नाही" याचा अर्थ "तिथे काही नाही" असा घेऊ नका. आधी शलाकेचा ठसा किती होता ते विचारा. परतलेल्या ध्वनीची तीव्रताही खोलीच्या नकाशाइतकीच महत्त्वाची आहे. प्रवाळाचा खडबडीत माथा आणि भोवतीचा चिखल यांतला फरक तिथे उठून दिसतो, पण दगडगोट्यांची रासही जवळजवळ तशीच दिसते. त्यामुळे कॅमेऱ्याशिवाय निर्णय नाही.

कॅमेरा किंवा पाणयान तळापासून १ ते २ मीटरवर, अर्ध्या नॉटच्या आत चालवायचं. दोन समांतर लेझरचे ठिपके १० सेंटिमीटर अंतराने चित्रात हवेतच. ते नसतील तर आकारमान आणि क्षेत्रफळ दोन्ही अंदाजपंचे होतात. पाण्याखालच्या ध्वनिस्थाननिर्धारणाची चूक तिरप्या अंतराच्या साधारण अर्धा ते एक टक्का धरा, म्हणजे ४०० मीटरवर २ ते ४ मीटर. रेषा आखताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे फक्त सुंदर माथ्यांवरून जाणं. काही रेषा सपाट चिखलावरून, काही उताराच्या मागच्या अंगाने आणि काही संगणकीय प्रारूपाने (मॉडेलने) 'इथे प्रवाळ नसेल' म्हटलेल्या जागी न्यायलाच हव्यात. अधिवासाचा अंदाज वर्तवणारं कुठलंही संगणकीय प्रारूप अनुपस्थितीच्या नोंदींशिवाय आशावादी निघतं, आणि मग मच्छीमारांशी चर्चेत ते पहिल्याच दिवशी कोसळतं.

चुरा दिसला तर तो ट्रॉलचा की नैसर्गिक, हे ठरवावं लागतं. नैसर्गिक चुरा भित्तीच्या पायथ्याशी पट्ट्याने साचतो, तुकडे काळसर-तपकिरी डागाळलेले, स्पंजांनी पोखरलेले असतात आणि त्यांच्यावर इतर प्राणी बसलेले असतात. ट्रॉलच्या जागी समांतर सऱ्या दिसतात, सऱ्यांच्या कडेला चिखलाची वरंब, तुकड्यांचे मोड ताजे पांढरे, भोवती एकही फांदी उभी नाही, आणि बहुधा जाळ्याचे धागे किंवा दोर अडकलेले. सऱ्या दिसत नसतील तर लगेच निर्दोष ठरवू नका. जोरदार प्रवाहात वाळूवरची खूण बुजते, पण दगडी सांगाड्याचा मोड बुजत नाही.

नॉर्वेच्या सागरी संशोधन संस्थेने २००२ मध्ये अंदाज दिला की त्यांच्या पाण्यातल्या लोफेलिया क्षेत्रापैकी ३० ते ५० टक्के भागाला ट्रॉलिंगचा फटका बसला आहे. पण त्याच्याआधीच, १९९९ मध्ये, मच्छीमारांच्याच तक्रारींनंतर तिथे प्रवाळांची जाणूनबुजून नासाडी करण्यावर बंदी आली आणि सुला भित्ती ट्रॉलला बंद झाली. रॉस्ट भित्ती २००२ मध्ये सापडली आणि २००३ मध्ये बंद झाली. सापडल्यापासून वर्षभरात! मला या विषयातलं सर्वांत अनुकरणीय काम कुठलं विचाराल तर हे. उलट उदाहरण फ्लोरिडासमोरच्या, ओक्युलिना या दुसऱ्या प्रवाळाच्या भित्तींचं. तिथे १९८४ मध्ये जगातलं पहिलं खोलपाणी-प्रवाळ संरक्षित क्षेत्र झालं, पण उत्तरेचा मोठा भाग सीमेबाहेर राहून २००० पर्यंत खुला राहिला. नंतरच्या पाहण्यांत तिथे बहुतेक चुराच सापडला.

सीमा आखताना दोन तांत्रिक गोष्टी हमखास विसरल्या जातात. एक, जहाज जिथे असतं तिथे जाळं नसतं. दोर पाण्याच्या खोलीच्या दुप्पट-तिप्पट सोडलेला असतो, त्यामुळे १००० मीटरवर जाळं जहाजाच्या दोन किलोमीटर मागे असू शकतं. भित्तीच्या कडेला चिकटून रेषा ओढली तर जहाज कायद्यात राहूनही जाळं भित्तीवरून जाईल. म्हणून खोलीच्या किमान दुप्पट रुंदीचा राखीव पट्टा हवा. दुसरी, युरोपीय जहाजांचं उपग्रह-स्थाननोंदणी यंत्र नेहमीच्या नियमाने दोन तासांतून एकदा जागा कळवतं. तीन नॉट वेगाने दोन तासांत ६ सागरी मैल, म्हणजे ११ किलोमीटर अंतर कापलं जातं. चार किलोमीटरचा बंद चौकोन दोन नोंदींच्या मधे पार करता येतो आणि नोंदवहीत काही दिसत नाही. छोटी बंद क्षेत्रं आखायची तर नोंदीची वारंवारता वाढवण्याची अट सोबत घाला, नाहीतर ती क्षेत्रं फक्त नकाशावर राहतात.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या २००६ च्या ठरावानंतर खुल्या समुद्रात 'सापडलं तर हला' हा नियम आला. ईशान्य अटलांटिकमध्ये एका ओढीत ३० किलोपेक्षा जास्त जिवंत प्रवाळ किंवा ४०० किलोपेक्षा जास्त स्पंज वर आले तर जहाजाने किमान २ सागरी मैल दूर जायचं आणि कळवायचं. माझा यावर फारसा भरवसा नाही. मोडलेल्या प्रवाळाचा थोडाच भाग जाळ्यात टिकून डेकवर येतो, बाकीचा फासांतून गळून तळाशी राहतो. ३० किलो वर आले तेव्हा खाली त्याच्या कितीतरी पट मोडलेलं असतं. आणि दोन मैल सरकलेलं जहाज पुढच्या अनोळखी जागी जाळं टाकतं. त्यापेक्षा 'जिथे आजवर मासेमारी झाली तेवढीच खुली, बाकी सर्व परवानगीशिवाय बंद' हे तत्त्व खूप चांगलं. युरोपीय संघाने त्या दिशेने पाऊल टाकलं आहे: २०१६ च्या नियमाने ८०० मीटरपेक्षा खोल तळ-ट्रॉलिंग बंद, आणि २०२२ मध्ये ४०० ते ८०० मीटरमधली ८७ क्षेत्रं, मिळून १६,४१९ चौरस किलोमीटर, तळाला टेकणाऱ्या सर्व साधनांना बंद.

शोधायला अजून किती बाकी आहे याची कल्पना यावी म्हणून: अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यासमोरच्या ब्लेक पठारावर सुमारे २६,००० चौरस किलोमीटरचा प्रवाळ-टेकड्यांचा प्रदेश आहे. ८३,९०८ माथे मोजले गेले. हा पूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला तो २०२४ मध्ये, इतक्या गजबजलेल्या किनाऱ्यासमोर असूनही.

जाळं थांबवलं तरी एक धोका उरतो, तो पाण्याच्या रसायनाचा. समुद्र कार्बन डायऑक्साइड शोषतो तसतशी अ‍ॅरागोनाइट (प्रवाळाचा सांगाडा ज्याचा बनतो ते खनिज) विरघळू लागण्याची पातळी वर सरकते. ज्ञात खोलपाणी दगडी प्रवाळांच्या सुमारे ७० टक्के जागा या शतकाअखेरपर्यंत त्या पातळीखाली जातील, असा २००६ मधला अंदाज होता. जिवंत पॉलिप ऊर्जा खर्चून काही काळ सांगाडा बनवत राहतो. मेलेल्या सांगाड्यावर मात्र ऊतकाचं आवरण नसतं. तो आधी सच्छिद्र होतो, मग स्वतःच्याच भाराने ढासळतो. म्हणजे सर्वाधिक प्रजाती जिथे राहतात तोच मजला आधी जातो. म्हणून बंद क्षेत्रं निवडताना मी मिंग्युले, टाउत्रा यांसारख्या उथळ जागांना मुद्दाम जास्त वजन देईन. विरघळण्याची पातळी तिथवर सर्वांत शेवटी पोहोचेल.

राहिला कोकणचा प्रश्न. विजयदुर्गासमोर, किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवरचा आंग्रिया बँक हा उजेडावर जगणाऱ्या, उबदार पाण्यातल्या प्रवाळांचा पठारी भाग आहे. त्याचा या विषयाशी गोंधळ करू नका. कोकणासमोरच्या उतारावर, म्हणजे जिथे थंड पाणी मिळायला सुरुवात होते तिथे, अरबी समुद्राचा अत्यल्प प्राणवायूचा थर आहे, साधारण १५० ते १००० मीटरहून अधिक खोलीपर्यंत. अंगोलासमोर लोफेलिया लिटरला ०.६ ते १.५ मिलिलिटर इतक्या कमी प्राणवायूतही तगलेलं आढळलं आहे, तेही भरपूर अन्न असल्यामुळे. अरबी समुद्राच्या या थराच्या गाभ्यात प्राणवायू त्याच्याही बराच खाली जातो. त्यामुळे रॉस्टसारखी दगडी भित्ती त्या उतारावर असण्याची अपेक्षा मी करणार नाही. समुद्रपंखे, काळी प्रवाळं, एकेकटे वाढणारे कप-प्रवाळ यांची गोष्ट वेगळी. ते बंदरांवर जाळ्यात अडकून येतातही.

तुम्हाला इथे काम सुरू करायचं असेल तर ट्रॉलरच्या अनावश्यक मालातून करा. जाळ्यात आलेल्या प्रत्येक प्रवाळाचा मोजपट्टीसह फोटो, तांडेलाने सांगितलेली ओढीची सुरुवात आणि शेवट (नुसतं "रत्नागिरीसमोर" नको, जीपीएसचे आकडे घ्या), खोली आणि जाळ्याचा प्रकार एवढं लिहा. ज्या ओढीत काहीच आलं नाही तीही नोंदवा. नमुना मात्र उचलून घरी आणू नका. दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं आणि समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडासुद्धा. आधी महाविद्यालयामार्फत वनखात्याची परवानगी काढा. ती हातात आली की डीएनएसाठी नखाएवढा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा आणि सांगाडा वेगळा वाळवा. फॉर्मॅलिनमध्ये टाकलेला तुकडा जनुकीय कामाला जवळजवळ वाया जातो.